एक महिन्याची नोटीस

पहाटे पावणेचारला लिहायला घेतलं.
सलाइन बदलायला अजून वीस मिनिटं होती.
टेंपरेचर चार्टची कोरी पाठ,
आणि निळं पेन, ज्याची टोपी इरव्वानं हरवली.

कुठल्या भाषेत सोडायची असते नोकरी?
मराठीत लिहिलं तर डॉक्टर बाळेकुंद्री वाचतील,
पण फायलीला लागणार नाही.
कन्नड मला बोलता येतं.
‘नोवु ऐतेनु?’ रात्रभर विचारत फिरते,
गोकाकच्या बाईला, घटप्रभाच्या म्हाताऱ्याला,
कुठं दुखतं ते बोटानं दाखवतात, मला कळतं.
पण लिहायला बसले की ती अक्षरं
सासरकडच्या लांबच्या पाव्हण्यांसारखी,
चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही.
म्हणून इंग्लिश. रिस्पेक्टेड सर.
त्या भाषेत इथं कुणाचंच काही दुखत नाही.

‘वैयक्तिक कारणास्तव.’ बास.
दिवसाच्या मेट्रन अंगडीबाई म्हणाल्या होत्या,
कारण लांबलं की माणसं घासाघीस करायला बसतात.

म्हणून हे लिहिलं नाही, की
दिवसाची ड्यूटी कॅम्पात, रात्रीची शहापुरात
आणि मधले चार तास वडगावच्या घरात,
जिथले दोन्ही माग भंगारात गेले
पण हप्ते अजून चालू आहेत, खटखट, खटखट.
की गोवावेसपर्यंत मी बसमध्ये उभ्यानं झोपते
आणि कंडक्टर ‘इळीरी अक्का’ म्हणत
दांड्यावर पंच वाजवून उठवतो.

की मागच्या मंगळवारी, दिवसाच्या वॉर्डात,
अँप्युल फोडली, सिरिंज भरली,
हवा काढली, दंडाला स्पिरिट लावलं,
आणि मग नाव विचारलं.
दुसरीच बाई होती.
बाही तशीच वर धरून ती हसली,
‘द्या की सिस्टर, कुठलंबी चालतंय.’

सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली.
कुणी पाहिलं नव्हतं,
म्हणून रजिस्टरात मलाच लिहावं लागलं.

नोटिशीचा महिना रीतसर भरला.
एक नाइट चुकवली नाही.
नवी पोरगी आली, सुगंधा मुचंडीकर,
तिला सांगितलं, ऑक्सिजनची किल्ली इथं उलटी फिरते,
तीन नंबरच्या खाटेखालची वीट काढायची नाही,
डॉक्टरांना रात्री उठवलं तर
आधी ब्लडप्रेशर सांगायचं, मग सॉरी.
तिनं वहीत सगळं उतरवून घेतलं,
सॉरीसुद्धा.

शेवटच्या सकाळी चार्ज दिला.
कपाटाच्या किल्ल्या अकरा. इंजेक्शनची वही जुळली.
कात्री एक कमी भरली,
ती माझ्याच खिशात होती, परत ठेवली.
पाकिटात पगार पंधरा दिवसांचा निघाला.
भांडले नाही. पावती लिहून दिली,
पंधरा दिवसांची, आकड्यात आणि अक्षरात,
आणि खाली लिहिलं: उरलेले पंधरा बाकी.
त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली.

इरव्वा फाटकापर्यंत आली.
‘येते,’ मी म्हटलं.
‘होगि बर्री,’ ती म्हणाली, जाऊन या.
आमच्याकडं दोन्ही भाषांत
नुसतं जाता येत नाही.
मग तिनं कमरेच्या पिशवीतून
पेनाची टोपी काढून दिली.

त्या रात्री घरी झोपले.
अडीचला डोळे उघडले, सवयीनं.
मोरीतला नळ गळत होता.
उशाशी छातीवरचं घड्याळ, अजून पिनेसकट.
मोजलं. मिनिटाला सोळा थेंब.
फारच सावकाश चाललंय,
उठून जरा वाढवावं,
म्हणून पाय खाली टेकलेसुद्धा.

मग परत वर घेतले.
गळू दे.